रिकाम्या घराची शांतता

प्रिय भुंग्याच्या बाबा,

'प्रिय' हा शब्द पहिल्या ओळीत घालायचा असतो म्हणून घातला आहे, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. तुला नावाने हाक मारावी तर ते नाव हल्ली पोस्टरवर असतं, आणि पोस्टरवरच्या माणसाशी माझी ओळख नाही. लग्नाआधी मारायचे ती हाक मारण्याइतकी मी निर्लज्ज नाही. राहता राहिलं एकच नातं, आपल्या मुलीचं. ते तू माझ्यापाशी कितपत शिल्लक ठेवलंस, त्याबद्दलच लिहायचं आहे. फोन केला असता, पण फोनवर तू 'हं, हं' म्हणत दुसरंच काहीतरी वाचत असतोस आणि पानं उलटल्याचं मला इकडे ऐकू येतं. माझं कामच ऐकण्याचं, त्याला काय करणार.

मंगळवारी भुंग्याच्या कॉलेजात तुझा सिनेमा दाखवला. तू मोठा माणूस, तुला वेळ नव्हता. मला मात्र तिच्या बाईंनी मुद्दाम बोलावलं. सिनेमात पावलांचे, कपड्यांचे, भांड्यांचे आवाज नंतर स्टुडिओत वेगळे करावे लागतात, ते कसे करतात हे मुलांना सांगा म्हणाल्या. मी पिशवीत चार जोडी बूट, फरशीचा तुकडा आणि खडीचा डबा घेऊन गेले. तुझ्या नायिकेची ती डौलदार पावलं एक जाड भिंगांची, गुडघे धरून चालणारी बाई करते हे पाहून मुलांचा फारच हिरमोड झाला. एका मुलीने तर माझ्या पायांचा फोटो काढला. आपली लेक तिसऱ्या रांगेत बसली होती. मैत्रिणींना तिने माझी ओळख 'माझी आई' अशी करून दिली खरी, पण घाईघाईने, हातातली जड वस्तू खाली ठेवावी तशी. एवढी वीस वर्षांची घोडी झाली तरी अजून खाता-खाता गुणगुणते. मध्यंतरात सँडविच खाताना तिचा भुंगा चालू होता, आणि मी मागच्या रांगेत बसून तेवढंच ऐकत होते.

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. तुला आवडली असती. तू या चर्चेसाठीच सिनेमा काढतोस असं मला कधीकधी वाटतं. शेवट म्हणजे काय, तर पडदा काळा होतो आणि त्या काळोखात एका लांब पॅसेजमध्ये तुझ्या त्या बाईची पावलं ऐकू येतात. मग तीही थांबतात, थोडी शांतता, आणि नावं सुरू. ती घर सोडून चालली आहे की परत येते आहे? यावर पोरं हमरीतुमरीवर आली. एक म्हणाला, ती जाते, कारण तिला पहिल्यांदाच मोकळं वाटतंय. दुसरी म्हणाली, परत येते, मुलीसाठी. तिसरा म्हणाला की हे सगळं नवऱ्याचं स्वप्न आहे, बाई मुळात अस्तित्वातच नाही. हा तिसरा पुढे नाव काढणार बघ. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की ती बाई कुणालाच आवडली नाही. तुसडी आहे, स्वतःपुरतं बघते, पाहुण्यांसमोर नवऱ्याची अब्रू काढते, पोटच्या पोरीला शाळेत विसरते. वर पुन्हा म्हणाले, 'पण किती खरी वाटते!'

मग भुंगा उठली. तुझी मुलगी म्हणून सगळं सभागृह तिच्याकडे वळलं. ती म्हणाली, यात संदिग्ध काहीच नाही, तुम्ही उगाच कीस काढताय. ती बाई परत येत नाही. अशा बाया जातात तेव्हा जातात, परत येतात त्या आपण बसवलेल्या गोष्टींमध्ये. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. ओरडलीसुद्धा नाही, अगदी शांतपणे बोलली. टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं, काय धीट पोरगी आहे, बापाच्या सिनेमाबद्दल ठणकावून बोलते. ती सिनेमाबद्दल बोलत नव्हती हे तिथे दोघींनाच माहीत होतं.

आता तुझ्या सिनेमातल्या बाईबद्दल थोडं बोलू दे. चष्मा काढून भांडते ती मी. रागावल्यावर आधी भांडी घासायला लागते तीही मी. 'तू लिहितोस त्यात आवाज करण्यासारखं काही घडतच नाही' हे वाक्य तर शब्दाला शब्द माझं, आणि त्याला थिएटरात हशा येतो, त्याबद्दल आभार. मी गोड बाई नव्हते आणि आजही नाही. पण ते वाक्य ज्याच्या उत्तरादाखल मी बोलले ते तुझं वाक्य कुठे गेलं? तुझ्या त्या दोन मित्रांसमोर तू हसत म्हणाला होतास की हिचं काम म्हणजे नाचता येत नाही म्हणून पाय आपटणं. ते शूटिंगला राहून गेलं का? आणि भुंग्याला शाळेत विसरला होतास तू. शिपायाने शेवटी मला स्टुडिओत फोन केला आणि मी रेकॉर्डिंग टाकून धावले. पडद्यावर विसरते ती बाई आणि धावतो नवरा. तू कथेसाठी केलंस, मला कळतं. एक माणूस वाईट करायचा तर दुसऱ्याची थोडी घाण त्याच्या अंगावर टाकावी लागते. माझी तक्रार एवढीच, की त्या सिनेमाला भुंगा साक्षीपुराव्यासारखं धरून बसली आहे.

आणि ते रंगीत खडू! बाई निघून गेल्यावर नवरा रडणाऱ्या पोरीसाठी रंगीत खडूंची पेटी आणतो, ती पेटी उघडते, रडता-रडता हसते. माझ्या शेजारच्या मुलाने तिथे नाक पुसलं. भुंग्यानेही पुसलं असेल. ती लहानपणापासून सांगत आली आहे की आई गेली त्या दिवशी बाबांनी मला खडू आणले, पेटीवर जिराफ होता. ही गोष्ट तिने मला माझ्याच घरी, रविवारच्या भेटीत, माझ्या मांडीवर बसून सांगितली होती. मी म्हणाले, हो का, छान.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. त्या दुपारी मी पाण्याचा जग आपटला, सँडल पायात सरकवले आणि गेले. गेले, यात वाद नाही. तू मागून म्हणालास, जातेस तर जा. बसस्टॉपवर बसले, दोन बस सोडल्या, कारण कुठल्या बसने कुठे जायचं हेच माहीत नव्हतं. मग बाजारात भटकले. राग उतरला तसं डोळ्यांसमोर पोर यायला लागलं. एका दुकानात ती जिराफाची पेटी दिसली, घेतली, आणि दिवे लागायच्या सुमाराला जिना चढून घरी आले. किल्ली फिरवली, पण दाराला आतून कडी होती. बेल वाजवली. आत भुंग्याचं गुणगुणणं चालू होतं, म्हणजे ती जेवत होती. ताटलीवर चमचा वाजत होता. मग तुझी पावलं आली. अनवाणी, फरशीवर, डावी टाच किंचित घासत. सायकलवरून पडलास तेव्हापासूनची ती टाच. दारापर्यंत आली आणि थांबली. मी म्हणाले, मी आहे. तू आत उभा होतास, एका फळीच्या अंतरावर, तुझा श्वास मला ऐकू येत होता. भुंग्याचं गुणगुणणं थांबलं आणि तिने विचारलं, कोण आहे, बाबा? आणि तू म्हणालास, कुणी नाही, जेव तू.

मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. तुझी पावलं परत गेली, चमचा पुन्हा वाजायला लागला. पेटी दाराशी ठेवून मी जिना उतरले. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आले, तर तू साळसूदपणे म्हणालास की ही घर सोडून गेली, काल रात्रभर पोर रडत होतं, आणि ही फिरकलीसुद्धा नाही. माझ्याकडे पुरावा काय? बेलचा आवाज? वकिलाने मला विचारलं, तुम्ही आला होतात हे पाहणारं कुणी आहे का? मी म्हणाले, पाहणारं नाही, ऐकणारे दोघे आहेत, एक खोटं बोलतोय आणि एक चार वर्षांची आहे. वकील हसला. मग पोर तुझ्याकडे आणि रविवार माझ्याकडे.

तिला मी हे आजवर सांगितलं नाही. तू विचारशील, का नाही? मोठेपणा म्हणून नाही, एवढी मी मोठी नाही. लहान होती तेव्हा वाटायचं, हिला सहा दिवस त्याच घरात जेवायचंय, त्याच माणसाने पांघरूण घालायचंय, त्या माणसाची हिला भीती वाटायला लागली तर हिने जावं कुठे? आणि तू बाप म्हणून वाईट नव्हतास. हे कबूल करताना माझे दात दुखतात, पण नव्हतास. मोठी झाल्यावर सांगू म्हटलं. मोठी झाली तोवर तिने माझ्याशी बोलायची एक रीत बसवून घेतली होती. कशी आहेस, बरी आहे, जेवलीस का, जेवले, चल ठेवते. त्या रीतीत हे कुठे बसवणार होते? वाटलं, एक दिवस आपोआप निघेल. निघाला तो तुझा सिनेमा.

तो सिनेमा घेऊन तू स्टुडिओत आलास तो दिवसही मी विसरलेले नाही. तुझ्यासारखं कुणी चालत नाही, म्हणालास, हे काम तूच करायला हवं. धाडस म्हणावं की निगरगट्टपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी होकार दिला तो पटकथेचं शेवटचं पान वाचून. पॅसेज, काळोख, पावलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, हा मला परत आणतोय. मी तेच जुने सँडल घातले, पट्टा बदललेले, आणि त्या संध्याकाळी आले होते तसंच चालून दाखवलं. जाणाऱ्या माणसाची पावलं पुढे-पुढे एकसारखी होत जातात. येणाऱ्याची दाराजवळ मंदावतात आणि शेवटचं पाऊल आखूड पडतं. आखूड पाऊल म्हणजे माणूस पोहोचला. काचेपलीकडून तू ऐकलंस आणि म्हणालास, फार छान, फक्त ते शेवटचं कापून टाकू, नाहीतर ती आली हे कळेल. झालं! ज्या शेवटावर लोक लेख लिहितात, ज्यावर तू मुलाखतीत हनुवटीला हात लावून 'प्रेक्षकांनी ठरवावं' म्हणतोस, ती तुझी सगळी संदिग्धता म्हणजे माझं एक कापलेलं पाऊल आहे.

त्यानंतर तू मागितलीस शांतता. पावलं थांबल्यावर, नावं येण्याआधी, तुला रिकाम्या घराची शांतता हवी होती. आमच्या धंद्यात शांतताही रेकॉर्ड करावी लागते, तुला माहीत आहे. नुसता आवाज बंद केला तर यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. कुठल्या तरी खऱ्या खोलीचं गप्प असणं तिथे भरावं लागतं. तू बाहेर फोनवर गेलास. आमचा दाढीवाला रेकॉर्डिस्ट यंत्रापाशी होता, त्याला मी म्हणाले, चालू कर. सँडल काढले, फरशीच्या तुकड्यावर उभी राहिले आणि तुझ्यासारखी चालले. अनवाणी, डावी टाच घासत, दारापर्यंत, आणि थांबले. अगदी हलकं, श्वासाहूनही हलकं. दाढीवाल्याने भुवई उचलली. तू आत आलास, ऐकलंस, म्हणालास, वा, हीच ती रिकामी शांतता. नंतरही कितीदा तपासलीस. माणसाला स्वतःचा आवाज टेपवर ओळखू येत नाही, पावलं तर त्याहून नाही, हे आमच्याकडचा नवशिकाही जाणतो. तू माझं पाऊल कापण्यात इतका गुंग होतास, की स्वतःची पावलं सिनेमात राहून गेली. थिएटरांमधल्या फुटक्या स्पीकरवर ती कुणाला ऐकू आली नाहीत. मलाही वाटलं, मेली ती तिथेच.

कॉलेजचे स्पीकर नवे आहेत. चर्चा रंगली तेव्हा बाईंनी शेवट पुन्हा लावला, दिवे घालवून, डोळे मिटून ऐका म्हणाल्या. काळोखात माझी पावलं आली, कापली गेली, शांतता सुरू झाली. आणि भुंगा मोठ्यांदा म्हणाली, थांबा, आत कुणीतरी आहे. पोरं हसली. बाईंनी पुन्हा लावलं. ती म्हणाली, बघा ना, आतून कुणीतरी दारापर्यंत येतंय, अनवाणी आहे, टाच घासतेय, डावी. एवढं बोलली आणि तिचा आवाज मध्येच बंद पडला. दिवे लागले तेव्हा ती खाली बसली होती. ज्या पोरीने लहानपणी रोज रात्री झोपेचं सोंग घेऊन तीच पावलं खोलीच्या दारापर्यंत येताना ऐकली, तिला ओळख पटायला कितीसा वेळ लागणार? मागे वळून तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. बाई म्हणाल्या, रेकॉर्डिंगमधला काही दोष असेल, नाही का हो? मी म्हणाले, दोष माझ्या कामात नसतो.

ती मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. पिशवी तिने घेतली, बूट आणि खडी सगळं. वाटेत गुणगुणणं नाही. बस समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिने एकच विचारलं, आई, ते खडू कुणी आणले होते? इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली. उत्तर तोंडाशी तयार होतं, आणि देवाशपथ सांगते, ते बोलायचा मोह फार मोठा होता. पण मी सांगितलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं. दोन माणसांची दोन म्हणणी, पुन्हा एक संदिग्ध शेवट, आणि ती बिचारी आयुष्यभर अर्थ लावत बसली असती. मी म्हणाले, बाबांना विचार. तिने मान हलवली. मला वर चढवताना तिने माझा दंड धरला, आणि बस सुटेपर्यंत सोडला नाही.

तर रविवारी ती हॉस्टेलवरून तुझ्याकडे येते आहे. हे पत्र त्याआधी पोहोचावं म्हणून लिहिलं. तिच्याकडे किल्ली आहे, पण ती या वेळी किल्ली लावणार नाही, बेल वाजवणार आहे. काल तिनेच फोनवर सांगितलं, आणि आमचा फोन नेहमीपेक्षा बराच लांबला. ती बाहेर उभी राहून तुझी पावलं ऐकणार आहे. 'प्रेक्षकांनी ठरवावं' हे तिला ऐकवू नकोस, ती प्रेक्षक नाही, ती आत जेवत बसलेली होती. खडू कुणी आणले एवढंच तिला सांग. ते मी शेवटपर्यंत सांगणार नाही, ते तुलाच सांगायचं आहे. आणि दारापर्यंत आलास की थांबू नकोस. तू थांबलास तर तिला ऐकू येईल. कान तिने माझे घेतले आहेत.

तुझीच,
कुणी नाही